बेथनल ग्रीनची पायताणाची बाहुली

लंडनला जाणारा आपला माणूस आधी कोठे जातो, हे वाचकांना सांगायला नको. चॉक फार्म स्टेशनला उतरून थोडे चालले की किंग हेन्रीज रोडवरचे दहा नंबरचे घर येते. १९२१-२२ च्या काळात बाबासाहेब येथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली हे घर घेतले आणि आज तेथे स्मारक आहे. परळच्या चाळीतून निघालेल्या एका विद्यार्थ्याने या शहरात किती कष्टाने अभ्यास केला, हे आठवून आपली माणसे तेथे नतमस्तक होतात.

तेथून परत फिरण्याआधी, विशेषतः लेकरे बरोबर असतील तर, आणखी एका जागी जाऊन यावे. चॉक फार्मलाच भुयारी रेल्वेच्या नॉर्दर्न लाइनची गाडी पकडायची, बँक स्टेशनला सेंट्रल लाइनमध्ये बदलायचे आणि दुसऱ्या स्टेशनला उतरायचे. स्टेशनचे नाव बेथनल ग्रीन. बाहेर आलो की जवळच लाल विटांची एक मोठी इमारत दिसते. हे लहान मुलांचे वस्तुसंग्रहालय. नाव 'यंग व्ही अँड ए'. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. व्हिक्टोरिया राणीच्या काळात, म्हणजे १८३७ ते १९०१ या चौसष्ट वर्षांत, इंग्लंडची मुले कशाशी खेळत, हे पाहायचे तर ही जागा उत्तम. आणि कोणती मुले खेळत नव्हती, हेही येथेच कळते.

भायखळ्याची सख्खी बहीण

या इमारतीचा लोखंडी सांगाडा मुळात १८५६-५७ च्या सुमारास लंडनच्या श्रीमंत भागात, साउथ केन्सिंग्टनला उभा राहिला. पुढे तो सोडवून पूर्वेकडच्या या कामगार वस्तीत आणला, त्याला विटांच्या भिंती घातल्या आणि २४ जून १८७२ रोजी राणीच्या थोरल्या मुलाच्या हस्ते संग्रहालय उघडले. मुंबईकरांना यात एक ओळखीची खूण सापडेल. त्याच वर्षी, २ मे १८७२ रोजी, भायखळ्याला राणीच्या बागेत राणीच्या आणि तिच्या नवऱ्याच्या नावाचे संग्रहालय सुरू झाले. आज आपण त्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतो. एकाच राणीच्या राज्यात, दोन गिरण्या-कारखान्यांच्या शहरांत, दोन महिन्यांच्या आत उघडलेली ही दोन घरे.

आत शिरल्यावर आधी जमिनीकडे पाहावे. काळ्या-पांढऱ्या संगमरवरी तुकड्यांची, माशाच्या खवल्यासारखी नक्षी आहे. हे तुकडे वोकिंगच्या तुरुंगातील स्त्री कैद्यांनी बसवून तयार केले. ज्यांची स्वतःची लेकरे बाहेर कोणाच्या तरी दारात वाढत असतील, अशा बायांच्या हातांची ही फरशी. आज तिच्यावरून मुले धावतात. बेथनल ग्रीनचे हे घर खास बालपणाचे संग्रहालय झाले ते १९७४ साली. नंतर दुरुस्तीसाठी काही वर्षे बंद राहून ते १ जुलै २०२३ रोजी नव्या नावाने पुन्हा उघडले.

माडीवरची खेळण्यांची खोली

व्हिक्टोरियाच्या काळात इंग्लंडमध्ये धनिकांच्या घरी मुलांसाठी वेगळी खोली असे, दाया असत आणि खेळणी असत. स्वतः व्हिक्टोरिया लहानपणी केन्सिंग्टन राजवाड्यात एकटी वाढली. तिच्याजवळ १३२ लाकडी बाहुल्या होत्या. तिने आणि तिच्या शिक्षिकेने मिळून त्यांचे कपडे शिवले. ती राणी झाल्यावर देशात कारखाने वाढले, पैसा वाढला आणि खेळण्यांची दुकानेही वाढली.

मुलींसाठी मेणाच्या आणि चिनीमातीच्या तोंडाच्या बाहुल्या होत्या. बाहुलीघरे होती. त्यात खुर्च्या, पलंग, तांब्याची भांडी, सगळे बोटाएवढे. स्वयंपाकघरात बाहुलीचीच मोलकरीणही उभी असे. मुलगी बाहुलीघर मांडता मांडता वरच्या मजल्यावर कोण बसते आणि खाली भांडी कोण घासते, हे शिकून जाई. मुलांसाठी झुलता घोडा, आगगाडी आणि शिशाचे शिपाई. १८९३ साली विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने आतून पोकळ शिपाई ओतण्याची युक्ती काढली. शिसे कमी लागू लागले, शिपाई स्वस्त झाले आणि मध्यमवर्गीय मुलाच्या टेबलावर सबंध पलटण उभी राहिली. जे साम्राज्य मोठेपणी चालवायचे, त्याची तालीम अशी जमिनीवर पालथे पडून होत असे.

आणखी एक खेळणे त्या काळी फार घरांत होते, नोहाची नाव. ख्रिस्ती धर्मग्रंथातल्या महापुराच्या कथेतली ही लाकडी नाव, आणि तिच्यात सगळ्या प्राण्यांच्या जोड्या. कर्मठ घरांत रविवारी खेळायला बंदी असे. पण नाव धर्मग्रंथातली म्हणून ती चालत असे. मुलांनी रविवारभर हत्ती-वाघांची रांग लावत बसायचे.

खेळणे कोणी घडवले?

आपल्या वाचकाने हा प्रश्न विचारल्याशिवाय राहू नये. नोहाच्या नावेतले ते प्राणी बहुतेक जर्मनीतून येत. तेथे एर्झगेबिर्गे नावाचा डोंगराळ मुलूख आहे. खाणी आटल्यावर तेथील माणसे लाकूडकामाकडे वळली. त्यांची रीत मोठी हुशारीची. कातारी लाकडाचे एक जाड कडे चरकावर धरून पटाशीने अशा बेताने कोरायचा, की त्या कड्याच्या भाकरीसारख्या फोडी पाडल्या की प्रत्येक फोड म्हणजे एक घोडा किंवा एक गाय. एका कड्यातून डझनांनी प्राणी निघत. मग ते घरी जात. आई पाय-कान साफ करी, शेपट्या चिकटवी आणि मुले रंग देत. दिवसभर हातात खेळणे, पण खेळण्यासाठी नव्हे. ती दुसऱ्याच्या मुलाची नाव भरत होती.

लंडनमध्येही असेच. हेन्री मेह्यू नावाच्या पत्रकाराने १८४९ नंतरच्या काही वर्षांत लंडनच्या कष्टकऱ्यांना प्रत्यक्ष भेटून त्यांची हकीगत लिहून घेतली. त्यात बाहुल्यांचे काचेचे डोळे बनवणारा एक कारागीर आहे. त्याने सांगितले, की इंग्लंडात निळेच डोळे खपतात, कारण राणीचे डोळे निळे आहेत. स्पॅनिश अमेरिकेला पाठवायच्या बाहुल्यांना मात्र काळेच डोळे लागतात.

बाहुलीचा रंग ही साधी गोष्ट समजू नये. पुढे १९४० च्या सुमारास अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय पतीपत्नींनी काळ्या मुलांपुढे रंगाखेरीज सर्व बाबतींत सारख्या बाहुल्या ठेवल्या आणि यातली चांगली कोणती, असे विचारले. पुष्कळ मुलांनी गोरी बाहुली उचलली. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या अभ्यासाचा आधार घेतला. खेळण्याने मुलाच्या मनात काय पेरले जाते, हे न्यायालयालाही पाहावे लागले.

जोड्याच्या टाचेचे तोंड

आता बेथनल ग्रीनचे नाव ज्या गोष्टीसाठी मनात राहते, तिच्याकडे येऊ. या संग्रहालयाच्या संग्रहात एक बाहुली आहे. ती मेणाची नाही, चिनीमातीची नाही. माणसाच्या जुन्या जोड्याचा तळवा घेतला आहे, टाचेच्या जागी तोंड कल्पिले आहे आणि भोवती चिंध्यांचा झगा गुंडाळला आहे. झाली बाहुली. एकोणिसावे शतक संपून विसावे लागण्याच्या सुमारास याच भागातल्या कोणा गरीब मुलीच्या हातात ती होती. बँकेत नोकरी करणारे एडवर्ड लव्हेट नावाचे गृहस्थ लोकांच्या साध्यासुध्या वस्तू गोळा करत. लंडनच्या गरीब वस्त्यांतून त्यांनी अशा बाहुल्या जमवल्या. हाडाची बाहुली, लाकडी चमच्याची बाहुली, जोड्याची बाहुली. त्यांनी त्या उचलल्या नसत्या तर कचऱ्यात गेल्या असत्या.

चांभारवाड्यातल्या, महारवाड्यातल्या आयांनी आपल्या लेकींना चिंध्यांच्या बाहुल्या करून दिल्या, त्या कोणी जपल्या? पायताण आपल्या समाजाच्या माथी अपमान म्हणून मारले गेले. त्याच पायताणात एका मुलीने लेकरू पाहिले आणि त्याला झगा नेसवला. त्या बाहुलीपुढे राजवाड्यातल्या १३२ बाहुल्या मला फिक्या वाटतात.

एक गोष्ट मात्र स्वच्छ सांगितली पाहिजे. इंग्लंडची गरिबी आणि आपली अस्पृश्यता एक नव्हे. तेथील गरीब मूल उपाशी होते, पण त्याच्या सावलीचा विटाळ कोणाला होत नव्हता. तुलना करायची ती कष्टाची आणि हिरावलेल्या बालपणाची.

बेथनल ग्रीनच्या खोल्याखोल्यांतून तेव्हा काडेपेट्यांची खोकी बनत. कारखानदार लाकडाच्या पातळ पट्ट्या आणि कागद देई. खळ मात्र आईने स्वतःच्या पैशाने आणायची. आई दुमडणार, मुले चिकटवणार आणि तयार खोकी जमिनीवर वाळत पडणार. बारा डझनांच्या एका ग्रोसला, म्हणजे १४४ खोक्यांना, सव्वादोन ते अडीच पेन्स मिळत. घर भरून खोकी असत, त्यात मुलांना पाय पसरायला जागा नसे. जवळच बो भागातल्या काडेपेटीच्या कारखान्यात १८८८ साली सुमारे चौदाशे मुली-बायांनी संप केला आणि जिंकला. पुढे भारतात नाव झालेल्या ॲनी बेझंट यांनी तेव्हा त्यांची बाजू वर्तमानपत्रातून मांडली होती.

मेह्यूच्या लिखाणातली आठ वर्षांची एक मुलगी तर विसरता येत नाही. ती पहाटे बाजारात जाऊन वॉटरक्रेस नावाची पालेभाजी आणी आणि जुड्या करून रस्त्यावर विकत फिरे. मेह्यूने तिच्याशी खेळण्यांबद्दल बोलायला सुरुवात केली, तर ती चकित होऊन पाहतच राहिली. त्याने बागांचे विचारले. बागा कोठे असतात, हे तिला ठाऊक नव्हते. त्याने हिरवळीचे, झाडांचे वर्णन केल्यावर तिने भीतभीत विचारले, की माझ्यासारखीला तिथे नुसते बघायला तरी जाऊ देतील का?

वाचकहो, हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. चवदार तळ्याच्या काठी आणि काळाराम मंदिराच्या दाराशी आपल्या आज्या-पणज्यांनी तो वेगळ्या शब्दांत ऐकला होता.

या मुलीजवळ खेळणी अजिबात नव्हती असे नाही. ज्या ज्यू कुटुंबांकडे ती शुक्रवारी कामाला जाई, त्यांनी तिला खेळण्यांची एक पेटी दिली होती. तीत सुरी-काटा होता, दोन इवल्या खुर्च्या होत्या. बाहुली मात्र कधीच नव्हती. त्याआधी ती मावशीचे दोन महिन्यांचे तान्हे मूल सांभाळत होती, ते चालायला लागेपर्यंत. हनुवटीला बोट लावले की ते हसे, एवढे तिला आठवत होते. आपण लहान मूल नाही, कारण आपल्याला पोट भरायचे आहे, असे तिचे म्हणणे. पेटीत खेळणी होती, पण खेळायला वेळ नव्हता.

गल्लीतला विटीदांडू

तरीही मुले खेळत. फट सापडेल तेथे खेळत. काचेच्या कपाटात ही खेळणी मावत नाहीत, कारण त्यांना दुकान लागत नव्हते. लंडनच्या गल्लीत गोट्या होत्या, भोवरा होता, दोरीवरच्या उड्या होत्या. पिंपाचे लोखंडी कडे काठीने पळवत, आपल्याकडे सायकलची रिंग पळवतात तसे. मेंढीच्या सांध्याची हाडे उडवून हाताच्या पाठीवर झेलत. आपल्या मुली सागरगोटे खेळतात, तोच हा खेळ. खडूने घरे आखून ठिकरी खेळत. गॅसच्या दिव्याच्या खांबाला दोरी बांधून झोका घेत. आणि विटीदांडू होता. दोन्ही टोकांना निमुळती लाकडी विटी, काठीने टोला मारून उडवायची आणि हवेत असताना पुन्हा हाणायची.

हा खेळ किती जुना? दीघनिकायातल्या ब्रह्मजालसुत्तात एक यादी आहे. लोकांनी श्रद्धेने दिलेले अन्न खाऊन काही श्रमण-ब्राह्मण कोणते खेळ खेळत बसतात आणि तथागत त्यांपासून कसे दूर आहेत, हे सांगण्यासाठी ती आली आहे. तीत सोंगट्यांचे पट आहेत, आखलेल्या रेषांवरच्या उड्या आहेत, पानांच्या पिपाण्या, खेळण्यातला नांगर, भिरभिरे, लहानसा रथ आणि धनुष्य आहे. आणि 'घटिका' आहे, म्हणजे मोठ्या काठीने लहान काठीला टोला मारण्याचा खेळ. हा नियम संसार सोडलेल्यांसाठी आहे, लेकरांसाठी नव्हे. पण त्या यादीमुळे प्राचीन भारतातल्या गल्लीची एक खिडकी आपल्याला उघडी सापडते.

लंडनच्या या खेळांवर पोलिसांचा डोळा असे. १८३९ च्या पोलिस कायद्यानुसार रस्त्यावर पतंग उडवणे, रहिवाशांना त्रास होईल असा कोणताही खेळ खेळणे, बर्फावर घसरगुंडी करणे हे गुन्हे होते. चाळीस शिलिंगांपर्यंत दंड होऊ शके. श्रीमंताच्या मुलाचा खेळ खोलीत, म्हणून तो संस्कार. गरिबाच्या मुलाचा तोच खेळ रस्त्यावर, म्हणून तो गुन्हा.

पण लोक गप्प बसले नाहीत. पूर्व लंडनला बाग हवी, असा अर्ज १८४० साली राणीकडे गेला. त्यावर तीस हजारांवर सह्या होत्या. त्यातून व्हिक्टोरिया पार्क झाले आणि १८४५ साली लोकांसाठी खुले झाले. संग्रहालयापासून ते चालत जाण्याजोगे आहे. नाव राणीचे, पण बाग मिळवली सह्या करणाऱ्यांनी. तेथे हिरवळीवर बसून शिदोरी जरूर खावी.

वेळ कोणी मिळवून दिला?

मुलाला खेळायला खेळण्याआधी वेळ लागतो. तो वेळ इंग्लंडच्या गरीब मुलाला दुकानदाराने दिला नाही. चळवळींनी आणि कायद्यांनी तो मिळवून दिला, आणि तोही तुकड्यातुकड्याने. १८३३ च्या कायद्याने कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना बंदी झाली. नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांचे काम दिवसाला नऊ तासांवर आले. १८४२ साली स्त्रिया, मुली आणि दहा वर्षांखालील मुलगे खाणीतून बाहेर आले. तोवर लहान मुले अंधारात एकटी बसून खाणीतली हवेची दारे उघडझाप करत असत. १८७० साली सरकारी शाळांचा कायदा झाला, १८८० साली दहा वर्षांपर्यंत शाळा सक्तीची झाली आणि १८९१ साली प्राथमिक शाळेची फी जवळजवळ संपली. मुले शाळेत गेली, म्हणून त्यांना मधली सुट्टी मिळाली. मैदान मिळाले ते शाळेचे. हे पाहायचे तर मैल एंड भागात कॉपरफील्ड रोडवर गरीब मुलांच्या एका मोफत शाळेची जुनी इमारत आहे. १८७७ ते १९०८ अशी ती चालली. आता तेही संग्रहालय आहे आणि तेथे त्या काळचा वर्ग मांडलेला आहे.

त्याच राणीच्या राज्यात मुंबईच्या मुलांचे काय चालले होते? १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्याने सात वर्षांखालील मुलाला गिरणीत बंदी केली. म्हणजे सात पूर्ण झाली की नऊ तास काम! १८९१ साली ही मर्यादा नऊ वर्षांवर गेली. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले, ते याच काळात. त्यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. आज आपली मुले रविवारी क्रिकेटची बॅट घेऊन पळतात. त्या रविवारामागे कोण होते, हे त्यांना एकदा सांगावे.

पुढे बाबासाहेब मजूरमंत्री असताना कामाचे तास आठवड्याला अठ्ठेचाळीसवर आणण्याचे काम झाले. संविधानाच्या कलम २४ ने चौदा वर्षांखालील मुलाला कारखाना, खाण आणि धोक्याच्या कामात बंदी केली. कलम ४५ ने चौदा वर्षांपर्यंत मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचे ध्येय राज्यापुढे ठेवले. २००२ च्या घटनादुरुस्तीने तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा मूलभूत हक्क झाला आणि १ एप्रिल २०१० पासून त्याचा कायदा लागू झाला. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात तर विश्रांती आणि खेळ हा मुलाचा हक्क म्हणून लिहिला आहे. भारताने तो १९९२ साली मान्य केला.

आपल्या घरातली पेटी

बेथनल ग्रीनमधून मनात घेऊन यावे असे काय? तर काडेपेट्यांची ती खोली. कारखान्याला कायदा लागला, पण घरात बसून खळ लावणाऱ्या मुलापर्यंत तो पोहोचला नाही. आपल्याकडे २०१६ साली बालमजुरीचा कायदा बदलला. चौदा वर्षांखालील मुलाला सर्वच धंद्यांत बंदी झाली. मात्र शाळा सुटल्यावर घरच्या, धोक्याच्या नसलेल्या कामात मदत करण्याची सवलत राहिली. मणी ओवणाऱ्या, नगावर काम करणाऱ्या घरांत या सवलतीचा अर्थ काय होतो, ते आपल्या माता-भगिनींना कोणी समजावून सांगायला नको. परिस्थिती कठीण असते, आई काही हौसेने लेकराला कामाला बसवत नाही. पण त्यातही ओझे पहिले येते ते मुलीवर. भाऊ मैदानात, आणि बहीण कडेवर धाकट्याला घेऊन उंबऱ्यात. वॉटरक्रेस विकणारी ती मुलगी अजून आपल्या वस्तीत आहे.

म्हणून दोन गोष्टी करता येतील. वस्तीतल्या विहाराचे अंगण रोज संध्याकाळी एक तास मुलांसाठी, आणि खास करून मुलींसाठी, मोकळे ठेवावे. त्या तासात धाकटी भावंडे मोठ्या माणसांनी सांभाळावीत. दुसरे, आजीने केलेली चिंध्यांची बाहुली, आजोबांनी तासलेली विटी, लाकडी गाडा, जे काही घरात उरले असेल ते भंगारात देऊ नये. जयंतीच्या दिवशी विहारात एका टेबलावर मांडावे, कोणी केले आणि कोणासाठी केले ते खाली लिहावे. लव्हेटसारखा कोणी आपल्या दारात आला नाही. ते काम आता आपल्यालाच करायचे आहे.

लंडनला जाणे सर्वांना शक्य नाही. पण भायखळा लांब नाही. एखाद्या सुट्टीच्या दिवशी लेकरांना घेऊन राणीच्या बागेतले ते संग्रहालय पाहून यावे. मुंबईत राहणाऱ्या नाना जातीजमातींची आणि धंद्यांची मातीची लहान चित्रे तेथे मांडलेली आहेत. मुलांना ती दाखवावीत आणि विचारावे, यात आपण कोठे आहोत? मग बागेत त्यांना मनसोक्त हुंदडू द्यावे. घरी परतायला घाई करू नये.

जयभीम!